प्रतिसाद : शिसवाची भुकटी आणि मेपलची पट्टी

वाद्याची शिसवी पाठ घासताना तिच्या कडेची मेपलची बाइंडिंग, म्हणजे फिकट लाकडाची बारीक पट्टी, जांभळट झाली, असं तुम्ही लिहिलंय. भुकटी पुसायला स्पिरिटचा बोळा फिरवलात, तिथंच घोटाळा झाला बघा. शिसवातला रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि मेपलच्या रेषांत उतरतो. आमच्या खानापूरकडं शिसव सुतारांच्या हाताखालचं लाकूड, त्यामुळं हा त्रास मीही भोगलाय.

घासायच्या आधी पट्टीवर चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या. कडेजवळ पॉलिशपेपर नकोच. धारदार पोलादी पत्तीनं खरवडा, भुकटीच कमी पडते. पडेल ती व्हॅक्यूमनं ओढा, हातानं पुसू नका. आत्ताचा डागही पत्तीनंच काढा, पण जपून. पट्टी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते.