पूर्ण तांब्याचा हीटसिंक नागपूरच्या उन्हाळ्यात कामाचा आहे का?

नमस्कार मंडळी, बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) कम्प्युटरसाठी जुना पूर्ण तांब्याचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) आणला, चांगलाच जड आहे, पाती इतक्या दाट की नखही आत जात नाही. मे महिन्यात आमच्या खोलीत चाळीसच्या वर जाते, तर ॲल्युमिनियमवाल्यापेक्षा फरक पडेल का? डिझाइन चांगलं की वाईट कसं ओळखायचं?

उत्तर १:
भाऊ, तांबं उष्णता जवळपास ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन वाहून नेते, ॲल्युमिनियम २३७ च्या आसपास, पण शेवटी उष्णता हवेलाच द्यायची आहे ना! पाती एवढ्या दाट असतील तर हळू फिरणाऱ्या पंख्याची हवा आत शिरतच नाही. माझ्या मते तांब्याचा खरा फायदा तळाशी आहे, प्रोसेसरची छोटीशी जागा तापते ती उष्णता पटकन पसरवायला. पाती ॲल्युमिनियमच्या चालतात. आणि खोली ४२ वर असली तर हीटसिंक प्रोसेसरला त्याच्या खाली नेऊच शकत नाही.

उत्तर २:
वजन बघा आधी! तांबं ॲल्युमिनियमच्या तिप्पटीहून जड, उभ्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डवर ताण येते. बोर्डच्या मागं आधाराची लोखंडी पट्टी नसेल तर लावू नका. तळाला स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडात बघा, मधून उजेड दिसला की तळ सपाट नाही.

प्रश्नकर्ता:
बघितलं, मधोमध बारीक फट दिसून राहिली. घासून घेतो, मग थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि तळ यांच्यातली फट भरणारा लेप) लावून, दाबून तिचा ठसा सारखा उमटतो का बघतो.

उत्तर १:
काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा, हातात धरून नका घासू, कडा गोल होतात. अन् पात्यांत बसलेली धूळ ब्रशनं काढत जा.