वेतोबाला आजच्या गोष्टीत आणायचं तर?

पुस्तकवाली_वेंगुर्ला
मंडळी, एक पेच आहे. आमच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी आठवी ते दहावीची मुलं घेऊन बसते. त्यातली निम्मी सध्या पर्सी जॅक्सनच्या नादी लागलीयत. ज्यांच्या घरात या वयाचं कोणी नाही त्यांच्यासाठी सांगते: रिक रायर्डनची ही मालिका २००५ साली सुरू झाली. ग्रीक देव आजच्या अमेरिकेत राहतात आणि ऑलिंपस आहे न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर. खरी इमारत १०२ मजल्यांची. वर जायला लिफ्ट! मुलं या लिफ्टवर जाम खूश.

तर त्यावर आरवलीची, म्हणजे ग्रामदेव वेतोबाच्या गावची, एक नववीतली मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या वेतोबाक लिफ्ट कित्याक व्हयी? तो चलताच."

आणि पुढच्या शनिवारी वहीची चार पानं भरून घेऊन आली. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात आणि म्हणून लोक नवसाला त्याला हातहातभर लांब चामड्याच्या चपला वाहतात, हे आपल्याला माहीत आहेच. हिच्या गोष्टीत गावातला रस्ता काँक्रीटचा होतो. मातीवर वर्षभर टिकणारी चपल काँक्रीटवर महिन्यात फाटते. चपला शिवणारा आजोबा एकटा, त्याचा मुलगा मुंबईला, आणि नातीला टाका घालता येत नाही. एका रात्री देव अनवाणी निघतो. पुढे काय होतं ते तिने अजून लिहिलेलं नाही.

मला ही पानं फार आवडली. पण एका पालकांनी ऐकलं आणि तडक वाचनालयात आले. "देवाची मस्करी चाललीय का?" आवाज चढवून नाही, पण चेहरा गंभीर होता. आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येईना. झ्यूसपुढे आज कोण गाऱ्हाणं घालतं? वेतोबापुढे मात्र आजही केळ्यांचे घड येतात. ज्या देवाला माणसं अजून विचारून घर बांधतात, त्याला गोष्टीतलं पात्र करायचं तर कसं? पोरीला काय सांगू? नाव बदल म्हणू?

शिवेवरचो_म्हातारो
नाव अजिबात बदलू नका. नाव बदललंत की तो कुठलातरी 'ग्रामरक्षक देव' होईल, आणि तसले देव टीव्हीवर ढीगभर आहेत.

मस्करीचं म्हणाल तर आपलं दशावतारी नाटक बघा. आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, संकासुर येतो, वेद चोरलेला राक्षस, आणि बोलतो कोणत्या भाषेत? मालवणीत! भटजीची फिरकी घेतो, पुढे बसलेल्या सरपंचाचीही घेतो. संहिता कागदावर नसतेच, त्यामुळे कालपरवाची गजाल आज रंगमंचावर. लोक पोट धरून हसतात. पण विष्णू आला की त्याची कोणी टिंगल करत नाही, संकासुर मरतोच. देवळाच्या आवारात, जत्रेच्या रात्री, देवासमोर हे चालतं. हसायची मुभा आहे, फक्त कोणाला हसायचं ते ठरलेलं आहे. तुमची मुलगी देवाला कुठे हसलीय? ती हसलीय ती काँक्रीटच्या रस्त्याला.

त्या पालकांका माझो निरोप सांगा: पोरगी देवाच्या पायांची काळजी करता हा, तुम्ही कसली करतास?

कोळंबी_फ्राय
एक प्रामाणिक प्रश्न. चपल शिवता येत नाही तर नात ऑनलाइन का मागवत नाही?

पुस्तकवाली_वेंगुर्ला
@कोळंबी_फ्राय मुलांनीही हेच विचारलं! तिचं उत्तर: "त्या मापाची गावत नाय."

माडाबुडी
मी स्वतः थोडंफार लिहितो, म्हणून जरा लांबण लावतो.

अशा गोष्टी बहुतेक कुठे फसतात? देवाच्या हातात मोबाइल दिला, राक्षसाला बिल्डर केलं, की काम झालं असं वाटतं. दोन पानं गंमत वाटते, तिसऱ्या पानावर नुसता वेश उरतो. दंतकथेतली अट तशीच ठेवायची आणि आजूबाजूचं जग आजचं करायचं. अट म्हणजे देवाशी झालेला सौदा: हे कराल तर ते मिळेल, हे मोडाल तर भोगाल. या मुलीने नेमकं तेच केलंय. वेतोबा चालणार, गावाने चपला द्यायच्या. सौदा जुनाच आहे, काँक्रीट तेवढं नवं.

आपल्या किनाऱ्यावर असे सौदे हवे तेवढे पडलेत. आचऱ्याची गावपळण घ्या. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव रिकामा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे सगळे शिवेबाहेर झोपड्या घालून राहतात. आत कोणी थांबायचं नाही. आता असा एक मुलगा धरा ज्याच्या बापाने यंदा घराला सीसीटीव्ही लावलाय, आणि निघायच्या घाईत तो बंद करायचा राहिलाय. दुसऱ्या रात्री झोपडीत मोबाइल वाजतो: अंगणात हालचाल. उघडून बघायचं की नाही? शीव ओलांडली नाही तरी डोळे आत गेले तर नियम मोडला का? मला याचं उत्तर माहीत असतं तर कादंबरी लिहून मोकळा झालो असतो.

किंवा धामापूरचं तळं. १५३० साली बांधलेलं. लग्नाच्या आदल्या दिवशी फुलांची परडी पाण्यात सोडायची, भगवतीच्या कृपेने सकाळी खरे दागिने मिळायचे, लग्न झालं की परत करायचे. मग कोणीतरी परत केले नाहीत आणि देणं थांबलं. ही गोष्ट इथे संपते असं आपण धरून चालतो, पण तो न परतवलेला दागिना गेला कुठे? समजा, एक मुलगी कॉलेजच्या फीसाठी पणजीची नथ पतसंस्थेत तारण ठेवायला नेते. काट्यावर नथ ठेवली की आकडा स्थिर होईना. सोनार पुसतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा ओली. एवढ्यावरच नववी-दहावीची पोरं पुढचं पान उलटतील.

तुमच्या मुलीसाठी एकच सूचना. देव अनवाणी निघाला, तिथून त्याच्या मागे जाऊ नकोस म्हणावं. त्याच्या मनात काय चाललंय हे तिने लिहायला घेतलं तर ते पालक बरोबर ठरतील. कॅमेरा नातीवर ठेव. तिला टाका शिकायचाय, आजोबांचे हात थरथरतात आणि चामडं मिळतं कुठे हेही तिला ठाऊक नाही. देव फक्त वाजावा, दिसू नये.

पुस्तकवाली_वेंगुर्ला
@माडाबुडी हे शनिवारी वाचून दाखवते. आणि @शिवेवरचो_म्हातारो, तुमचा निरोप मी त्या पालकांना देणार नाही हं, मला गावात राहायचंय. पण त्यांनाच विचारते, चपला शिवणारे अजून कोण कोण आहेत ते. पोरीला एकदा प्रत्यक्ष नेऊन बसवावं म्हणते, टाका कसा घालतात ते बघायला.