आवडता पिक्चर कोणता? शंभरदा बघितलेला, की परत बघायची हिंमत होत नाही तो?

पेठेतला भाडेकरू:

गणपतीला सगळी भावंडं घरी जमलो होतो, आरती झाली, जेवणं झाली आणि विषय निघाला की प्रत्येकाने आपला सगळ्यात आवडता मराठी पिक्चर सांगायचा, एकच. मी लगेच 'अशी ही बनवाबनवी' म्हणून मोकळा झालो. तर आत्येभाऊ म्हणतो, तो तर सगळ्यांनाच आवडतो रे, एखादा खरा सिनेमा सांग की. मला ते लागलं, अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

मी पुण्यात शिकायला आलो तेव्हा पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. एका संध्याकाळी मालकांनी सांगितलं, खोली हवीय, महिनाअखेरपर्यंत बघा कुठेतरी. परीक्षा अकरा दिवसांवर. माझं सामान म्हणजे एक गादी, एक बादली आणि पुस्तकांची दोन खोकी, ते मित्राच्या खोलीत दाराआड ठेवलं. तिथे आधीच तिघं होते आणि त्यांच्या मालकांना चौथा चालणार नव्हता, म्हणून मी रात्री दहानंतर चप्पल हातात घेऊन जिना चढायचो. त्यातल्याच एका रात्री आवाज बारीक करून आम्ही लॅपटॉपवर बनवाबनवी लावला. लहानपणापासून वीसेक वेळा बघितलेला पिक्चर, पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं की हा जागेचा पिक्चर आहे. चार पोरं, चौघांना डोकं टेकायला जागा नाही, आणि जागा मिळणार ती फक्त जोडप्यांना, म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. साडी नंतर येते, आधी डोक्यावरचं छप्पर गेलेलं असतं. हसता हसता मला रडू आलं आणि बाकी तिघं माझ्याकडे बघत बसले.

सप्टेंबर १९८८ चा पिक्चर आहे. वसंत सबनीसांचे संवाद आजही घराघरात बोलले जातात, 'धनंजय माने इथेच राहतात का' हे तर आता दार वाजवतानाच म्हणतात लोक. माझं म्हणणं सरळ आहे, जो पन्नासाव्यांदा बघताना पण काहीतरी नवीन देतो तोच सगळ्यात मोठा पिक्चर. जो एकदा बघून 'बापरे, भारी होता' म्हणून ठेवून देतो त्याला मान द्या, पण आवडता म्हणू नका.

हलगी:

भाऊ तुमचा अनुभव मनापासून वाचला, पण शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण विरोध आहे.

माझा आवडता 'फँड्री'. एकदाच बघितलाय, २०१४ ला लागला होता तेव्हा, तालुक्याच्या टॉकीजला. परत लावायचं आजपर्यंत धाडस झालं नाही. पण असा आठवडा जात नाही की तो आठवत नाही.

एकच सीन सांगतो. जब्याचं घरदार डुकराच्या मागं पळतंय, शाळेतली पोरं बघून हसतायत, त्या पोरांत शालूपण आहे जिच्यासाठी हा काळ्या चिमणीच्या मागं रानोमाळ हिंडलाय. डुक्कर समोर आलंय आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा, त्याचा बाप पण उभा, आणि डुक्कर समोरून निवांत चालत निघून जातं. आमच्या टॉकीजमध्ये काही जण हसले तिथं. मी हसू शकलो नाही, कारण मी शाळेत तसाच ताठ उभा राहिलेलो आहे, आणि त्याच शाळेत मला पाण्याच्या टाकीपाशी लांब उभं करायचे. पुढं ते डुक्कर काठीला बांधून खांद्यावरनं नेतात, तर मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज. कुणी एक शब्द बोलत नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर पण हेच फोटो होते.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या तोंडावर येतो आणि पडदा काळा होतो. दिवे लागले तरी मी बसूनच होतो, झाडूवाला येऊन म्हणाला उठा दादा. आता मला सांगा, हा परत परत कशाला बघायचा? तो आत बसलाय की.

रात्रपाळी:

मी नर्स आहे, त्यामुळे माझी बाजू थोडी वेगळी. हलगी दादा, तुमचं दुःख खरंय आणि फँड्री मोठाच सिनेमा आहे, त्यावर वाद नाही. पण हसवणाऱ्या पिक्चरला खालच्या रांगेत बसवतात ना, ते मला सहन होत नाही.

माझे वडील शेवटचे चार महिने अंथरुणावर होते. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, कूस बदलायला पण दोघं लागायचे. मी ड्युटीवरून सकाळी यायची आणि मोबाईल उशीला टेकवून बनवाबनवी लावून द्यायची. सरपोतदार झालेले सुधीर जोशी आले की पप्पांचं पोट हलायला लागायचं, आवाज नाही, नुसतं पोट. एकदा तर अशोकमामांच्या आधी वाक्य त्यांनी म्हटलं, पुटपुटत. मी इतक्या पेशंटच्या उशापाशी उभी राहिलेय, शेवटच्या दिवसांत माणसाला काय हवं असतं ते रोज बघते, आणि तिथं कोणी मला दगड भिरकावणारा सिनेमा मागितलेला नाही.

आणि कामाकडे बघा हो जरा. लक्ष्या साडीत असताना बाईची नक्कल करत नाही, घाबरलेल्या पुरुषाचं काम करतो, म्हणून ते कुठेच घाणेरडं वाटत नाही. अशोक सराफ आवाज न चढवता सगळा भार पेलतात. हे सोपं असतं तर त्यानंतर तशा चाळीस पिक्चरमधला एक तरी टिकला असता की.

जुना प्रेक्षक:

तुम्हा सर्वांपेक्षा वयाने मोठा आहे म्हणून एक सांगतो. बनवाबनवीची मूळ कल्पना १९६६ च्या हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटाची आहे, हे विसरू नये. एवढं थोर म्हणताना तेही सांगावं.

दुसरं म्हणजे आवडता सिनेमा असा कायमचा नसतो. १९७२ साली 'पिंजरा' लागला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, राम कदमांच्या संगीताने वेड लावलं होतं, घरी न सांगता तीनदा बघितला. मध्यंतरी नातीबरोबर पुन्हा बघायला बसलो. नात म्हणाली, आजोबा, मास्तर स्वतःच्या पायांनी तमाशाच्या फडात गेले ना, मग दोष त्या नाचणारीवर का? मला उत्तर देता येईना. गाणी आजही तितकीच आवडतात, चित्रपट मात्र मनातून उतरला, आणि ते सांगताना मला आजही वाईट वाटतं.

उलट जब्बार पटेलांचा 'सामना'. तरुणपणी तो मला संथ वाटला होता. श्रीराम लागू आणि निळू फुले पिंजऱ्यातही होते, पण सामनात समोरासमोर आहेत, एक दारुडा मास्तर आणि एक साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला सिनेमा, तेंडुलकरांचं लेखन. मी नोकरीत तीस वर्षं काढली, फायली दाबल्या जाताना बघितल्या आणि गप्प बसलो. आता तो प्रश्न पडद्यावरून येतो तेव्हा मला विचारल्यासारखा वाटतो. सिनेमा तोच आहे, मी बदललो.

पेठेतला भाडेकरू:

काका, बीवी और मकानचं माहितीये मला, आणि मी तो शोधून बघितलाय. कल्पना तिकडची असेल पण पेठेतला मालक, ते बोलणं, भाडेकरूला तोडून टाकायची ती पद्धत, हे सगळं इथलं आहे. कणीक कुठून आणली यावर पोळी कुणाची ते ठरत नाही.

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून फोन बाजूला ठेवला थोडा वेळ.

समुद्राकाठची:

तुमच्या दोन्ही पारड्यांत माझा पिक्चर बसतच नाही. 'किल्ला', अविनाश अरुणचा, थिएटरला २०१५ मध्ये आला. ना पोट धरून हसवतो ना छातीत दगड मारतो.

माझी आई सरकारी नोकरीत, दर तीन वर्षांनी बदली, पाचवी ते दहावी मी तीन शाळा केल्या. त्यातला चिन्मय वडील गेल्यावर आईबरोबर कोकणात येतो, नवीन पोरांशी जरा कुठे जमतंय तोवर सगळे सायकलींची रेस लावून किल्ल्यावर जातात, धो धो पाऊस येतो आणि मित्र त्याला एकट्याला तिथे टाकून निघून जातात. बास, एवढंच घडतं. कोणी मरत नाही, कोणी शिवी देत नाही. पण नवीन गावात वर्गात पहिल्या दिवशी उभं राहिलेल्या माणसाला विचारा ते काय असतं. आणि अमृता सुभाषने केलेली ती आई, जी पोरासमोर रडत नाही, डबा भरत राहते, ती माझीच आई आहे. मी तो सहा-सात वेळा बघितलाय, प्रत्येक वेळी पाऊस सुरू व्हायच्या आधी, जूनच्या तोंडावर. तेव्हा मला वाटतं आपण निकष लावतोय तोच चुकतोय, कितीदा बघितला हे कशाला मोजायचं, कुठला पिक्चर बघताना आपण एकटे नाही असं वाटलं ते सांगा.

वऱ्हाडी पाहुणा:

राजेहो, 'सैराट' कोनीच घेतला नाही काऊन? शंभर कोटीच्या वर गेलेला पहिला मराठी पिक्चर आहे तो, आणि आमच्या इकडे तर २०१६ च्या त्या उन्हाळ्यात लोक ट्रॅक्टरनं टॉकीजवर येत होते. झिंगाट लागलं की अर्धी टॉकीज पडद्यासमोर नाचे.

मी चार वेळा पाहिला. पण खरं सांगतो, पहिल्यांदा सोडून तिन्ही वेळा शेवटच्या दहा मिनिटाआधी उठून बाहेर आलो. आर्ची-पर्श्या हैदराबादला पळून जातात, पर्श्या डोसे टाकायला लागते, लेकरू होते, स्कूटी येते, माझ्यासाठी पिक्चर तिथंच संपते. त्याच्या पुढचं मले पाहवत नाही. त हा दोन्ही खात्यात बसते ना, परत परत पाहता बी येते आन् पाहवत बी नाही.

हलगी:

पाहुणं, राग मानू नका, पण तुम्ही सैराट एकदाच बघितलाय. बाकी तीनदा तुम्ही दुसराच कुठला तरी पिक्चर बघून आलात. दोन-अडीच तास तुम्हाला नाचवलंय, प्रेमात पाडलंय, ते सगळं त्या शेवटासाठीच तर हाय. ते पोरगं शेजारणीबरोबर घरी येतं आणि तिथून सगळा आवाज काढून घेतलाय, गाण्यांवर एवढं उभं केलेल्या पिक्चरचा शेवट मुका. ते लाल पावलं उमटवत बाहेर जातं. ज्यांनी तो गाळला त्यांना नुसतं झिंगाट राहिलं. लग्नाच्या वरातीत त्या गाण्यावर नाचणारे कितीतरी जण पोरगी जातीबाहेर गेली तर काय करतील ते मी बघितलंय, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

पेठेतला भाडेकरू:

काल रात्री फँड्री बघितला. पूर्ण. हलगी, राष्ट्रगीताच्या सीनला मी पण शाळेत असतो तर हसणाऱ्या पोरांत असतो, हे कळलं आणि झोप लागली नाही. सिनेमा म्हणून तो बनवाबनवीपेक्षा मोठा आहे का? बहुतेक आहे. पण 'आवडता' हा शब्द मी त्याला अजूनही लावू शकत नाही. आवड या शब्दात जवळ घेणं आहे, आणि हा पिक्चर मला जवळ येऊ देत नाही, आणि त्याने का येऊ द्यावं?

हलगी:

मला येऊ देतो की. तुमचं-माझं भांडण पिक्चरवरून नाहीच मग, कोण कुठं उभा होता त्यावरून आहे. पूर्ण बघितलात याचं बरं वाटलं. बनवाबनवी मला पण तोंडपाठ आहे, तुम्हाला काय वाटलं. पण आवडता फँड्रीच.

रात्रपाळी:

काका, सामना आज दुपारी बघितला, झोपायच्या आधी थोडासा म्हणून लावला आणि शेवटपर्यंत उठले नाही. निळू फुलेंना गावोगावच्या बायका खरोखर घाबरायच्या असं आई सांगायची, ते आज पटलं.

वऱ्हाडी पाहुणा:

हलगी भाऊचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

मी बाहेर काऊन उठून येतो ते सांगतो आता. माझ्या लहान बहिणीनं तिच्या मनानं पोरगा पसंत केला आहे, जात वेगळी. बाबा सहा महिन्यापासून तिच्याशी बोलत नाहीत, काका लोकं काय काय बोलून जातात. मारामारीवाले नाहीत आमच्या घरचे, पण ऐकून पोटात गोळा येते.

काल टीव्हीवर सैराट लावला आन् पूर्ण चालू ठेवला. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बाबा खुर्चीवर पेपर घेऊन. आवाज बंद झाला तसा त्यांनी पेपर खाली केला, त्यांना वाटलं टीव्ही बिघडला, मले म्हणाले आवाज वाढव. मी म्हटलं, आवाज नाहीच आहे बाबा तिथं. मग ते लेकरू पायरीवरून बाहेर गेलं.

बाबा उठून अंगणात गेले. बराच वेळ नळापाशी उभे होते, पाणी चालू ठेवून. आत आले आन् बहिणीला म्हणाले, जेवली का तू.

हलगी:

पाहुणं, पुढं काय झालं ते कळवा.

वऱ्हाडी पाहुणा:

कळवतो.