गाळ उपसा म्हणणाऱ्यांनो, तो ठेवणार कुठे?

खाडीपलीकडचा: ‘ठाण्याच्या खाडीतला पारा-शिशाचा गाळ एकदाचा उपसून टाका, मिनामाताने करून दाखवले’ असे काल येथे कुणी लिहिले आणि त्यावर वाहवा झाली. जपानमधल्या मिनामाताने, जिथे कारखान्याच्या पाऱ्याने उपसागर विषारी झाला, काय केले ते निदान पुरते वाचावे. कारखान्याचा पारा १९६८ मध्ये थांबला, आणि त्यानंतर १९७७ ते १९९० असे काम चालले. त्यातही २५ पीपीएमहून (दशलक्ष भागांत २५ भाग) अधिक पारा असलेलाच गाळ हलवला, आणि तो उपसागराच्याच सर्वांत दूषित भागात कोंडून वर सुमारे ५८ हेक्टर जमीन केली. म्हणजे पारा तिथेच आहे. तळाच्या काळ्या गाळात जस्त, कॅडमियम, शिसे गंधकाशी जखडलेले असतात. गाळ ढवळला की हवा लागून ते सुटू लागतात. म्हणून वर स्वच्छ वाळूचा थर द्यावा आणि खाली हात लावू नये, असे माझे मत आहे.

निवटी: रसायनशास्त्र मान्य, पण खाडी म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते, वरून बार्ज जातात. आपली वाळू एका पावसाळ्यात वाहून जाईल. शिवाय हवा न लागणाऱ्या त्याच गाळातले जिवाणू पाऱ्याचा मिथिलपारा, म्हणजे अधिक विषारी रूप, करतात आणि तो माशांत चढतो, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

जुनी होडी: आमच्या बंदरात जेट्टीसाठी गाळ काढला, तेव्हा कंत्राटदाराने तो सरळ तिवरांच्या मुळांवर ओतला. ओतताना काळाकुट्ट असलेला तो ढीग चार दिवसांच्या उन्हात तांबूस पडला, आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर पुन्हा खाडीत उतरला. त्या वर्षी वडिलांच्या फगात (खेकडे पकडायच्या जाळ्यात) चिंबोरी आली नाही. कारण गाळच होता हे मी सिद्ध करू शकत नाही. मात्र बिल ब्रासवर, म्हणजे गाळाच्या मापावर निघते, विषावर नाही, एवढे मला ठाऊक आहे.

निवटी: कंत्राटदार लबाड म्हणून रोग्याला औषधच द्यायचे नाही काय? अमेरिकेतल्या हडसन नदीवरच्या फाउंड्री कोव्हमध्ये बॅटरी कारखान्याचे कॅडमियम साचले होते. १९९०च्या दशकात तो गाळ उपसून, रसायनाने बांधून, रेल्वेने बाहेर नेला. तळातल्या किड्यांनी कॅडमियम सोसण्याची जी ताकद कमावली होती, ती नंतरच्या पिढ्यांत ओसरली, म्हणजे तिची गरजच उरली नाही. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

जुनी होडी: रेल्वेने! आमच्याकडे डंपरला ताडपत्री नसते आणि आपण रेल्वे मागवता. असा उपसलेला गाळ टाकून भरलेल्या खाचरावर उद्या इमारत उभी राहील, तेव्हा तिथे राहणाऱ्याला खाली काय पुरले आहे ते कोण सांगणार?

खाडीपलीकडचा: किड्यांनी साक्ष दिल्यावर मी काय बोलणार! असो. नाल्यांच्या मुखाशी साचलेला दाट थर तेवढा उपसावा, हे नाइलाजाने मान्य करतो; परंतु आधी नाला बंद करावा आणि थराथराने नमुने घ्यावेत.

जुनी होडी: नमुन्यांसाठी होडी मी देतो. डिझेल कोणी भरायचे ते मात्र आपण दोघांनी भांडण मिटवून ठरवावे.