मदत हवी आहे: पेठेतले जुने वाडे पाडून नवीन बांधणाऱ्याला घरपट्टी माफ, या मागणीवर काय बोलू?

नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितोय. गणपती पेठेत माझं छोटं दुकान आहे, जुन्या वाड्यात, वडिलांपासून भाड्यानं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा दुकान पाण्यात होतं. पांढऱ्या मातीची भिंत तेव्हा जी फुगली ती फुगलीच, अजून बोट दाबलं की पीठ पडतं, आणि मी तिच्यापुढं कॅलेंडर लावून गिऱ्हाईक करतोय.

तर झालंय असं की आमच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत एकानं टूम काढली, पालिकेला निवेदन द्यायचं की पेठेत जो कोणी वाडा पाडून नवी इमारत बांधेल त्याला 10 वर्षं घरपट्टी माफ करा. सगळी गिऱ्हाइकं विश्रामबागेकडं चालली, पेठ ओस पडायच्या आत काहीतरी करा, हे त्याचं म्हणणं आणि ते मलाही पटतं. तो म्हणाला अमेरिकेत हे सर्रास चालतं, आज वाड्याची घरपट्टी येतीय तरी किती, पालिकेचं जातंय काय? मी नुसतं "पण" म्हणालो, लगेच सगळे म्हणाले पुढच्या रविवारी तूच विरोधी बाजू मांड. आता बसा बोंबलत!

माझा भाचा शिकागोत असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला तिकडं नुसती माफी नसते, टिफ म्हणून एक प्रकार आहे. एखाद्या भागाचा आजचा कर गोठवतात, नंतर जी वाढ होईल ती शाळांना वगैरे न जाता त्याच भागाच्या वेगळ्या खात्यात पडते, तिकडं साधारण 23 वर्षं. ही पद्धत कॅलिफोर्नियानं 1952 ला सुरू केली आणि त्यांनीच 2012 ला पुनर्विकास करणाऱ्या संस्था मोडीत काढल्या, शाळांचा बुडालेला वाटा भरून देता देता राज्य मेटाकुटीला आलं म्हणून. हे ऐकून बरं वाटलं पण एवढ्यावर रविवार निघत नाही.

खरं सांगायचं तर माझा दोन्ही डगरींवर हात आहे, इमारत झाली तर मलाही कोरडा गाळा मिळेल, किंवा मी रस्त्यावर येईन. त्यामुळं डोकं चालेना. कुणी मुद्दे देता का?

खणभागकर
अहो जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, पालिकेच्या हातात स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न घरपट्टीच उरलंय. नव्या इमारतीत 30 कुटुंबं आली की पाणी, गटार, कचरागाडी लागणारच, ती काय माफीत येतात का? शेजारच्या वाड्यातली म्हातारी मात्र पूर्ण भरणार.

जुना_मुनीम
पाहुणे, भावनेवर बोलू नका, आकडे घेऊन जा. फिलाडेल्फियात अशी 10 वर्षांची माफी आहे, जमिनीवरचा कर भरायचाच, माफी फक्त नव्या बांधकामावर. तिथं कराचा दर किमतीच्या सुमारे 1.4 टक्के. म्हणजे 5 कोटींची इमारत धरली तर वर्षाला 7 लाख, दहा वर्षांत 70 लाख. एवढ्यानं बिल्डरचं गणित हलतं. तरी त्यांनी 2022 पासून नव्या घरांसाठी ती पहिल्या वर्षी पूर्ण, मग दरवर्षी 10 टक्के कमी अशी केली. आता आपल्याकडं तेवढ्याच इमारतीला वर्षाला लाखभर घरपट्टी धरा, दहा वर्षांत 10 लाख, पाच कोटींत दोन टक्के. आणि तेही थेट बिल्डरला नाही, तो फ्लॅट विकून मोकळा, माफी खाणार फ्लॅटवाले, फार तर तो भाव थोडा चढवून घेणार. मग वाडा पडत का नाही? सात वारस, त्यातला एक पुण्यात सही देत नाही. भाडेकरू. बोळ एवढा की मिक्सर वळत नाही. पुराची निळी-लाल रेषा, म्हणजे पूर कुठवर येतो ते दाखवून बांधकामावर बंधनं घालणारी. यातलं काय घरपट्टी माफ केल्यानं सुटतं? रविवारी एवढंच विचारा, "माफी नसती तर हा बांधणारच नव्हता का?" अमेरिकेतही सगळं भांडण याच एका प्रश्नावर चालतं. खरी मलई एफएसआय (जागेवर किती बांधता येतं ते) आणि टीडीआरमध्ये (बांधायचा हक्क दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणं) असते हे बिल्डरला पक्कं माहितीय.

खणभागकर
आणि भाडेकरूचं काय ते निवेदनात लिहून घ्या. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात पाडून बांधताना भाडेकरूच्या जागेची तरतूद आहे, वकिलाला दाखवा, तोंडी "देतो की" वर जाऊ नका.

धागाकर्ता
मुनीमजी लई उपकार झाले. सात वारस वाचून हसूच आलं, आमच्या वाड्याला नऊ आहेत. लाखभराचा आकडा अंदाजे आहे म्हणून मालकांकडं घरपट्टीची पावती मागायला गेलो तर म्हणाले, "तुला रे कशाला पाहिजे?" उद्या सकाळी चहाला बोलवलंय. पावती दाखवतात का दुकान खाली करायला सांगतात, कळवतो इथंच.