मदत हवी आहे: धायरीत लोकांना विकास आराखडा वाचायला शिकवायचा आहे, वर्ग कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी धायरीत राहते. उर्वरित धायरीसह ११ गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. आमच्याकडे शेत, चाळ, वर्कशॉप आणि बारा मजली सोसायटी एकाच रस्त्यावर सापडतात. यातली कुठली जमीन पुढची वीस वर्षं कशासाठी राखायची, शाळा कुठे, रस्ता कुठून, हे विकास आराखड्यात ठरतं. तो नकाशा वाचता येणारी माणसं मात्र आमच्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून सोसायट्यांतले आणि जुन्या गावातले लोक एकत्र बसवून रविवारचा वर्ग सुरू करायचं आम्ही काही जणींनी ठरवलं आहे.

घाई अशासाठी की प्रारूप आराखडा (म्हणजे कच्चा मसुदा) जाहीर झाला की हरकतींची मुदत लगेच सुरू होते. तेव्हा रंगसूची समजून घेत बसलो तर अर्ज कधी लिहिणार? महापालिकेच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये आला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना दाखल झाल्या होत्या. एवढ्या ढिगात आपलं म्हणणं टिकायचं असेल तर अर्जात सर्व्हे नंबर हवा, नकाशाची शीट कुठली ते हवं, काय बदलायचं आणि का बदलायचं ते हवं. ‘आमच्या भागात उद्यान द्या’ एवढ्या ओळीवर सुनावणीत पुढे बोलण्यासारखं काही उरतच नाही.

एक बैठक घेऊन पाहिली. महाभूनकाशा या शासनाच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावरून गावाचा नकाशा काढला, मोठा छापला आणि देवळाच्या सभामंडपात जमिनीवर चिकटवला. बराच वेळ कोणी काही बोलेना. सोसायटीतली मुलं रस्त्यांची नावं शोधत होती आणि नकाशावर सगळे गट नंबर. मग गावातल्या एका आजींनी विचारलं, “धारेश्वराचं देऊळ कुठंय यात?” दाखवलं. तिथून त्यांचं बोट निघालं ते ओढ्यावरून खाली, “ही आमची विहीर, हा गोठा, इथनं पाणी वळायचं.” त्यांचं बोट थांबलं तिथे आज एका इमारतीचं पार्किंग आहे. त्या इमारतीतली दोघं तिथेच बसली होती. दर पावसाळ्यात खाली पाणी का भरतं, याचा उलगडा त्यांना तेव्हा झाला. मला वाटतं आमचा खरा वर्ग तोच होता. आता त्याला रीतसर रूप द्यायचं आहे.

तर विचारायचं आहे ते असं. शिकवण्याचा क्रम काय ठेवावा? आधी कायदा सांगितला तर लोक दुसऱ्या रविवारी येतील असं वाटत नाही. आणि भाडेकरूंना कसं आणायचं? ‘आमची जमीनच नाही, आम्ही काय बोलणार’ असं म्हणून ते उठून जातात. कुणी पुण्यात किंवा बाहेर असे वर्ग घेतले असतील तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (कोथरूडहून)

ताई, भाडेकरूंचं आधी सांगतो. हरकत घ्यायला मालकी लागत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ नुसार कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतं. हे पहिल्याच रविवारी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

कायदा सगळा शिकवू नका. कलम २६ झालं की कलम ३७ घ्या, कारण मंजूर आराखड्यातले किरकोळ फेरबदल त्यातून होतात आणि वर्तमानपत्रातल्या छोट्याशा जाहीर सूचनेकडे कोणाचं लक्ष नसतं. त्यानंतर कलम १२७. मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षित जागा आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि मैदान गेलं. जुन्या हद्दीचा आराखडा शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. दहा वर्षं कधी भरतात ते मोजा. आमच्या भागातल्या मैदानांच्या आरक्षणांची यादी आम्ही त्याच कारणाने करायला घेतली आहे, आणि वर्गाला येणाऱ्यांना असं एखादं खरं काम दिलं की ते टिकतात.

प्रतिसाद (नगररचना शिकवते, सध्या मुक्काम ठाणे)

तुमच्या आजींनी केलं त्याला आमच्या विषयात विद्यमान भूवापर सर्वेक्षण म्हणतात, म्हणजे आज कुठली जागा कशासाठी वापरात आहे याची पाहणी. प्रारूप आराखड्याच्या आधी नियोजन प्राधिकरणाला ते करावंच लागतं आणि पुढची सगळी मांडणी त्यावर उभी राहते. पाया चुकला की वरचं सगळं चुकतं. मुंबईत २०३४ च्या आराखड्याच्या वेळी हा विद्यमान भूवापराचा नकाशा लोकांसमोर ठेवला गेला, तेव्हा संस्था-संघटनांनी वस्त्यांमध्ये बैठका घेऊन त्यातल्या चुका दाखवल्या होत्या. पुढे २०१५ चं प्रारूपही चुकांमुळे मागे घ्यावं लागलं आणि नव्याने करावं लागलं.

म्हणून माझा सल्ला असा की वर्ग खोलीत कमी आणि रस्त्यावर जास्त घ्या. नकाशा हातात घेऊन चाला. खाली दुकान आणि वर घर असेल तर दोन्ही नोंदवा. ओढे, विहिरी, सार्वजनिक नळ, अंगणवाडी, आठवडे बाजाराची जागा, फेरीवाले बसतात ती कड, हे कागदावर हमखास सुटतं. बायकांना सोबत घ्याच. पाणी कुठून आणतात आणि अंधार कुठे असतो हे त्यांना नेमकं माहीत असतं. रंग शेवटी शिकवा. स्वतः भरलेला नकाशा समोर असला की पिवळा म्हणजे निवासी हे सांगायला पाच मिनिटं लागतात.

आणि हरकत लिहिण्याचा सराव आधीपासून करून घ्या. एक पान, एक जागा, एक मागणी, सोबत फोटो आणि भाग नकाशाची, म्हणजे नकाशातल्या तेवढ्याच भागाची, प्रत. सुनावणीला बोलावणं आलं की तेवढंच पान हातात धरून बोलायचं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. क्रम आता उलटा करते: आधी चालणं, मग नोंदी, मग अर्जाचा सराव, आणि कायद्यातली ती तीन कलमं अधूनमधून. ठाण्याच्या ताई, नोंदवहीचा नमुना असेल तर इथेच टाकाल का? गट नंबर, सध्याचा वापर, मजले आणि शेरा एवढे रकाने आम्ही केले आहेत, पण एकाच इमारतीत दोन वापर असले तर ते कसे भरायचे यावर आमच्यात एकमत होत नाहीये.

कोथरूडकर दादा, आरक्षणांची यादी करताना जागेची सद्यस्थिती तुम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहता की आधी सातबारा काढता? आमच्यातल्या दोघी या कामाला तयार आहेत. एखाद्या रविवारी तुमच्याबरोबर फिरायला आल्या तर चालेल का?

सिंहगड रस्ता, नऱ्हे, आंबेगाव, नांदेड या बाजूचे कोणी हे वाचत असतील तर जरूर कळवा. ओढे गावांच्या हद्दी पाहून वाहत नाहीत, त्यामुळे शेजारच्या गावाचा नकाशा कोणीतरी भरल्याशिवाय आमचा पुरा होणार नाही.