घरी पाहिलेले चित्रपट: आपले मत काय?

प्रश्न (महाल): उन्हाळ्याच्या दुपारी कूलर लावून आम्ही घरीच ‘झुंड’ (2022) पाहिला. आपल्याच नागपूरच्या वस्तीतील मुले, त्यांचे फुटबॉल आणि आपल्या कानांना ओळखीची वाटणारी हिंदी यांमुळे आई शेवटपर्यंत उठली नाही; मात्र जवळपास तीन तासांची लांबी मला जाणवली. आपण अलीकडे काय पाहिले?

धरमपेठेतून: लांबीबद्दल मी सहमत नाही. शेवटी विमान उडते आणि भिंत ओलांडण्यास मनाई करणारी पाटी दिसते, तो क्षण आधीच्या संथपणामुळेच काळजाला भिडतो. आम्ही मागील आठवड्यात ‘कोर्ट’ (2014) पुन्हा पाहिला. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार नागपूरचेच. 2021 मध्ये ते गेले, आणि त्यामुळे यावेळी त्यांचा प्रत्येक प्रवेश पाहताना मन भरून आले. कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून न्यायालयातील कंटाळा जसाच्या तसा दाखवण्याचे धाडस मला फार मोलाचे वाटते.

प्रतापनगरातून: मुलांसोबत पाहायचा असेल तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ घ्या. वडिलांच्या निधनानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला मुलगा पावसात किल्ल्यात एकटा सापडतो, त्या प्रसंगी माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला होता.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. रविवारी आईसोबत ‘किल्ला’च पाहतो.